छोटी इलेक्ट्रिक कार आणि रोजच्या कटकटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाटाची टियागो ईव्ही, एमजीची कॉमेट किंवा त्याच पट्टीतली एखादी लहान इलेक्ट्रिक गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. इथे मोठे बिघाड नाहीत. गाडी बंद पडत नाही पण डोकं उठवते, अशा तक्रारी आहेत. माझं ठाम मत आधीच सांगतो. यातल्या बहुसंख्य तक्रारींचं मूळ गाडीच्या मोठ्या बॅटरीत नसतं. ते घरच्या भिंतीवरच्या प्लगमध्ये, अर्थिंगमध्ये नाहीतर बॉनेटखालच्या बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीत असतं. लोक मात्र थेट सर्व्हिस सेंटर गाठतात, तिथे गाडी चार दिवस अडकते आणि घरी आल्यावर तीच तक्रार पुन्हा सुरू होते.

कंपनीने सांगितलेले किलोमीटर का मिळत नाहीत? बॅटरी खराब आहे का?

खराब नाही. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीतून येतो. तिथे चढ नसतो, चार माणसं नसतात, एसी नसतो आणि वेगही बेताचा असतो. टियागो ईव्ही 2022 मध्ये आली तेव्हा 19.2 युनिटच्या बॅटरीला 250 आणि 24 युनिटच्या बॅटरीला 315 किलोमीटर असे आकडे जाहीर झाले होते. कॉमेटची बॅटरी 17.3 युनिटची आणि दावा 230 किलोमीटरचा.

यापेक्षा उपयोगी हिशेब घरी करता येतो. वीज बिलावरचं युनिट आणि बॅटरीवर लिहिलेलं किलोवॅट-अवर ही एकच गोष्ट. लहान गाडी शहरात एका युनिटमध्ये साधारण 8 किलोमीटर जाते. हलक्या पायाने चालवली तर 9, हायवेला दामटली तर 6 ते 7. म्हणजे 19.2 युनिटच्या गाडीकडून दीडशे किलोमीटरच्या आसपास अपेक्षा धरा. तेवढे मिळत असतील तर तुमची गाडी ठणठणीत आहे.

बॅटरी लहान असल्यामुळे इथे प्रत्येक छोटा खर्च डोळ्यांवर येतो. उन्हाळ्यात एसी तासाला सुमारे एक युनिट खाऊ शकतो. हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या कोंडीत दोन तास अडकलात, तर गाडी फारशी न हलताही पंधरा-सोळा किलोमीटरची रेंज गेलेली दिसेल. मोठ्या बॅटरीच्या गाडीत हेच दोन युनिट जातात, पण तिथे ते जाणवत नाहीत. टायरमधली हवा पंधरा दिवसांनी तपासा. कमी हवेने रेंज गुपचूप घटते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की बॅटरी म्हातारी झाली.

मुंबईहून पुण्याला येताना चार्ज भराभर उतरतो, परत जाताना मात्र पुरून उरतो. असं का?

घाटामुळे. खोपोली समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर आहे आणि लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. माणसं-सामान धरून 1400 किलोची गाडी साडेपाचशे मीटर वर उचलायला दोन युनिटहून थोडी जास्त ऊर्जा लागते. वाटेतला अपव्यय मिळवला तर अडीच युनिट. म्हणजे नेहमीच्या प्रवासाला लागते त्याव्यतिरिक्त वीसेक किलोमीटरची रेंज निव्वळ चढण्यात जाते. उतरताना मोटरच जनरेटर होते आणि त्यातला बराच भाग परत मिळतो, सगळा मिळत नाही.

दुसरं कारण वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 60 च्या वेगाला जेवढा विरोध असतो त्याच्या पावणेतीनपट 100 ला असतो. द्रुतगती मार्गावर 75 ते 80 धरून डाव्या मार्गिकेतून आलात तर फरक पहिल्याच फेरीत दिसेल.

घाट लागणार असेल तर पायथ्याशी असताना पडद्यावर दिसणाऱ्या किलोमीटरवर विसंबू नका. तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या सरासरीवरून काढलेला असतो, पुढे चढ आहे हे त्याला ठाऊक नसतं. टक्के बघा आणि घाटासाठी 15 टक्के बाजूला काढून ठेवा.

हॉटेलात 100 टक्के चार्ज करून घाट उतरायला लागलो तर गाडी रोखलीच जात नव्हती. बिघाड आहे का?

नाही, पण हे आधी माहीत असायला हवं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी आपोआप मंदावते, कारण ती ऊर्जा बॅटरीत जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती ऊर्जा ठेवायला जागाच नसते, म्हणून ही ओढ कमी होते किंवा जवळजवळ नाहीशी होते. पायाचा ब्रेक मात्र नेहमीसारखाच चालतो. महाबळेश्वर-पाचगणीला मुक्काम असेल तर निघताना 80-85 टक्क्यांवर थांबा. पसरणी घाट उतरून वाईला पोचेपर्यंत फारसं काही खर्च होत नाही, आणि ओढही शाबूत राहते.

25 टक्के दिसत होते आणि एकदम 14 वर आले. बॅटरी गेली?

बहुधा मोजमाप चुकलंय. लहान गाड्यांत सर्रास एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असते. ती टिकाऊ आणि उष्णता सोसणारी आहे, पण तिचं व्होल्टेज अर्ध्या चार्जला आणि पाऊण चार्जला जवळजवळ सारखंच असतं. त्यामुळे नुसतं व्होल्टेज पाहून आत किती उरलंय हे गाडीला नेमकं कळत नाही. किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याची बेरीज-वजाबाकी करत ती अंदाज बांधते. रोज थोडं-थोडं चार्ज केलं की ही चूक साठत जाते.

उपाय सोपा आहे. महिन्यातून एक-दोनदा घरच्या संथ चार्जरवर 100 टक्क्यांपर्यंत चार्ज करा, आणि 100 दिसलं की लगेच प्लग काढू नका. गाडी स्वतःहून चार्जिंग थांबवेपर्यंत राहू द्या. शेवटच्या टप्प्यात आतले सेल एकमेकांशी जुळवले जातात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून नीट होते. किती दिवसांनी करायचं हे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतं, ते प्रमाण माना. असं दोन-तीनदा करूनही आकडा उड्या मारत असेल तर मात्र सर्व्हिस सेंटरला दाखवा. एखादा सेल खरंच कमजोर असू शकतो, आणि तो वॉरंटीत बदलून मिळतो.

चार्जिंग सुरू होतं आणि बंद पडतं. चार्जरच्या डब्यावर लाल दिवा येतो. चार्जर बदलून घेऊ का?

आधी अर्थिंग तपासा. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि चार्जर विनाकारण बदलण्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच.

गाडीबरोबर मिळालेल्या केबलच्या मध्ये जो डबा असतो तो वीज सोडण्यापूर्वी अर्थिंग आहे की नाही हे पाहतो. ते पुरेसं नसेल तर तो चार्जिंग नाकारतो. फ्रिज, मिक्सर, गीझर यातलं कोणी हे तपासत नाही, म्हणून "घरातलं सगळं चालतं, गाडीच तेवढी चार्ज होत नाही" असं वाटतं. प्रत्यक्षात घरातली इतकी वर्षांची उणीव गाडीने पहिल्यांदा दाखवलेली असते. जुन्या वाड्यांत, चाळींत, गावाकडच्या घरांत तीन पिनांच्या प्लगचं वरचं मोठं भोक पुष्कळदा नुसतंच असतं, त्याला मागे वायरच नसते.

आपल्याकडे यात ऋतूचाही भाग आहे. देशावर मुरूम आणि काळा पाषाण, जमीन खडकाळ. अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात ओला असतो तेव्हा सगळं सुरळीत चालतं. मार्च उजाडला की माती सुकते, रोध वाढतो आणि एप्रिल-मेमध्ये चार्जर लाल दिवा दाखवू लागतो. जुलैत तक्रार आपोआप नाहीशी झाली तर समजा की दोष खड्ड्याचाच होता. खड्ड्यात नियमित पाणी घालणं हा तात्पुरता इलाज. नवा खड्डा, किंवा बाजारात केमिकल अर्थिंग म्हणून मिळतं ते बसवून घेणं हा कायमचा.

वायरमन आला की त्याला प्लगवर तीन मोजमापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये अगदी कमी, साधारण दोन-तीन व्होल्टच्या आत. हे मोजमाप चार्जिंग चालू असताना किंवा गीझर लावून करायला सांगा. भार नसताना सगळंच चांगलं दिसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही वायरमन प्लगच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतात. लाल दिवा जातो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. हे कधीही करू देऊ नका. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला, आणि जुन्या वायरिंगमध्ये तो तुटतो, तर गाडीचा संपूर्ण पत्रा वीजभारित होतो. ओल्या फरशीवर उभं राहून दार उघडणारं मूल डोळ्यांसमोर आणा. अर्थिंगची तपासणी फसवणारे अडॅप्टर ऑनलाइन विकले जातात, तेही त्याच माळेतले. तिथे पैसे घालवण्यापेक्षा खड्डा करून घ्या.

घरच्या इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर चार्ज होईल का?

घरगुती इन्व्हर्टरवर नाही. तीन किलोवॅटचा भार त्याला झेपत नाही, आणि त्याच्या न्यूट्रलचा अर्थशी संबंध नसल्यामुळे डबा बहुधा चार्जिंग नाकारतोच. जनरेटरलाही हीच अडचण येते. लोडशेडिंग असलेल्या गावात वीज परत आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होतं की नाही हे पहिल्या आठवड्यातच बघून ठेवा. व्होल्टेज फार उतरलं तर चार्जर थांबतो आणि सुधारलं की पुन्हा चालू होतो, ते त्याचं कामच आहे.

प्लग गरम होतो. किती गरम म्हणजे काळजीचं?

कोमट चालेल. हात ठेववत नसेल, प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा जळका वास येत असेल तर त्याच क्षणी चार्जिंग बंद करा.

गीझरचा पॉवर प्लग वीस मिनिटं चालतो आणि विश्रांती घेतो. गाडी त्याच प्लगमधून 13-14 अँपियर रात्रभर ओढते. टियागो ईव्हीला या प्लगवर 10 ते 100 टक्के व्हायला कंपनीच्याच आकड्यानुसार लहान बॅटरीला 6.9 तास आणि मोठीला 8.7 तास लागतात. एवढा वेळ पूर्ण भार सोसायला साधा स्वस्त सॉकेट बनवलेलाच नसतो. आतला स्क्रू किंचित सैल असला तरी तिथे उष्णता साठते, उष्णतेने पकड आणखी सैल होते, आणि हे चक्र एक दिवस सॉकेट वितळूनच थांबतं.

गाडी यायच्या आधीच एवढं करून घ्या: मीटरपासून थेट वेगळी लाइन, चार चौरस मिलिमीटरची (दुकानात 'चार एमएम' म्हणतात ती) तांब्याची वायर, 20 अँपियरचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) आणि चांगल्या कंपनीचा 16 अँपियरचा सॉकेट किंवा एसीसाठी मिळतो तो पत्र्याचा डबा. जुनी ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिच्यावर चार्जिंग करूच नका. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, मग तो कितीही जाड वायरचा असो. गाडीतून करंट कमी करायची सोय असेल तर वायरमन येईपर्यंत तो कमी करून ठेवा.

लाखो रुपयांची गाडी घेताना या कामासाठी पैसे काढताना माणसं कचरतात, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. शोरूममध्ये सीट कव्हरवर होतो त्याहून हा खर्च फार मोठा नसतो.

चार्जिंग लावलं की एमसीबी पडतो. बिलही अंदाजापेक्षा जास्त आलं.

एमसीबी पडतो कारण गाडीचे तीन-सव्वातीन किलोवॅट आणि गीझर किंवा एसी एकदम चालू होतात. चार्जिंगची वेळ मध्यरात्रीनंतर लावा. बिलावर 'मंजूर भार' किती आहे ते बघा. एक-दोन किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो.

बिलाचं गणित असं. महिन्याला 1000 किलोमीटर म्हणजे सुमारे 125 युनिट बॅटरीत. चार्जरमध्ये आणि वायरमध्ये दहा-पंधरा टक्के जातात, म्हणून मीटरवर 140 ते 145. घरगुती दराच्या पायऱ्या 100, 300 आणि 500 युनिटवर बदलतात. ज्या घराचं बिल 90 युनिटचं यायचं ते गाडीमुळे वरच्या पायरीत जातं, आणि गाडीची जवळपास सगळी युनिटं महाग पडतात. रोजचं चालवणं बरंच असेल तर इलेक्ट्रिक वाहनासाठी वेगळा मीटर घेता येतो, त्याचा दर वेगळ्या वर्गवारीतला असतो. महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच असतील तर त्या खटपटीत पडू नका, स्थिर आकारच वाचवलेले पैसे खाईल.

सोसायटी पार्किंगमध्ये पॉइंट घेऊ देत नाही.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की मालक आपल्या घरी किंवा कार्यालयात आपल्याच सध्याच्या वीज जोडणीवरून वाहन चार्ज करू शकतो. त्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्या. पण कागदाने जेवढं काम होतं त्याहून जास्त एका आराखड्याने होतं. तुमच्या मीटरपासून तुमच्या जागेपर्यंत केबल कुठून जाणार, पाइप कुठला, एमसीबी कुठे, परवानाधारक ठेकेदार कोण, हे एका पानावर काढून समितीपुढे ठेवा. समितीला भीती दोनच असतात: सामाईक मीटरवर बिल येईल आणि आग लागेल. वीज तुमच्याच मीटरवरून जाते हे दिसलं की पहिली भीती जाते. आरसीसीबी आणि अर्थिंगचा तपासणी अहवाल दिला की दुसरीही बरीच ओसरते. सेक्रेटरींशी भांडून पॉइंट मिळालेला मी क्वचितच पाहिला आहे.

चार्ज 80 टक्के आहे, तरी गाडी उघडेना, सुरू होईना. मेली का?

बारा व्होल्टची बॅटरी बसली आहे. इलेक्ट्रिक गाडीतही पेट्रोल गाडीसारखी एक लहान बॅटरी असते. कुलूप, पडदा, दिवे आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच हे सगळं तिच्यावर चालतं. ती बसली की मोठ्या बॅटरीत कितीही वीज असो, तिच्यापर्यंत पोचताच येत नाही. पूर्ण बसण्याआधी ती विचित्र खुणा देते: एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळे इशारे लागतात, पडदा मध्येच काळा होतो, चार्जिंगची गन (केबलच्या टोकाचा पिस्तुलासारखा प्लग) लावली तरी काही घडत नाही. असे बरेच इशारे एकदम आले तर घाबरण्याआधी या बॅटरीचं व्होल्टेज मोजून घ्या. गाडी बंद असताना 12.4 च्या वर असायला हवं.

ती बसते कशाने? गाडी 'रेडी' (म्हणजे चालवायला तयार) न करता नुसती चालू ठेवून गाणी ऐकत बसल्याने. कायम जोडलेल्या डॅशकॅमने. बाहेरून बसवलेल्या दिव्यांनी आणि स्पीकरने. किंवा गाडी तीन-चार वर्षांची झाली म्हणून, निव्वळ वयाने.

रिमोटच्या आत लपलेली लोखंडी चावी असते, तिने दार उघडतं. ती कशी काढायची हे आज घरी बसून करून बघा. बाहेरून बारा व्होल्टचा जंप स्टार्टर लावून गाडी जागी करता येते, टोकं कुठे जोडायची ते पुस्तिकेत पाहून. एकदा 'रेडी' झाली की मोठी बॅटरी लहानीला चार्ज करू लागते. आपल्या गाडीवरून शेजाऱ्याची डिझेल गाडी मात्र सुरू करून देऊ नका. स्टार्टर मोटरला लागणारा तो झटका आपल्या गाडीतली यंत्रणा सोसण्यासाठी बनवलेली नाही.

पावसात चार्ज केलं तर चालतं का? पाण्यातून गाडी घालावी का?

गाडीच्या बाजूचं टोक पावसाचा विचार करून बनवलेलं असतं. भिंतीकडचा सॉकेट आणि मधला डबा यांना मात्र छप्पर हवं. डबा जमिनीवर, पाण्याच्या वाटेत ठेवू नका. प्लगला लोंबकळतही ठेवू नका, त्याच्या वजनाने पकड सैल होते. भिंतीला हूक मारून अडकवा. जोराच्या विजा चमकत असतील तर प्लग काढलेला बरा.

माहितीपत्रकात बॅटरीपुढे लिहिलेलं असतं त्या आयपी 67 याचा अर्थ बॅटरीचा खोका एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. ही हमी बॅटरी आणि मोटरपुरती आहे. सीटखालची वायरिंग, लहान बॅटरी, गालिच्याखालचे कनेक्टर यांच्यासाठी ती नाही. लहान गाडीची चाकंही लहान. अर्ध्या चाकावर पाणी असेल तर मागे फिरा.

कोल्हापूर-सांगलीने 2019 ला आणि चिपळूणने जुलै 2021 ला जे पाहिलं तसं पाणी आलं आणि गाडी बुडाली, तर पाणी ओसरल्यावर ती सुरू करून बघू नका आणि चार्जिंगलाही लावू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, ट्रकवर चढवून न्या. पॉलिसी घेताना बॅटरीसाठी वेगळं संरक्षण आहे का ते विचारा. नुसत्या झिरो डेपमध्ये (घसारा न कापणाऱ्या पॉलिसीत) पाण्याने झालेलं बॅटरीचं नुकसान बसेलच असं धरून चालू नका.

गाडीतून खूप आवाज येतात. पेट्रोल गाडीत असं नव्हतं.

पेट्रोल गाडीत इंजिनचा आवाज हे सगळं झाकत होता. आता डॅशबोर्डची खुटखुट, टायरची घरघर आणि सस्पेन्शनचा प्रत्येक ठोका ऐकू येतो. बजेट गाडीत आवाज अडवणारं अस्तर कमी असतं, हेही खरं. दारांच्या रबरावर आणि प्लास्टिकच्या सांध्यांत फेल्टची पट्टी लावली की बरंच शांत होतं.

चार्जिंग चालू असताना पंखा भणभणतो, खालून पाणी ठिबकतं. ते बॅटरी थंड ठेवण्यासाठी आहे. सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर येते, कारण ब्रेक फारसे वापरलेच जात नाहीत आणि पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा जोराने पायाचा ब्रेक दाबा, साफ होतो. गोल फिरताना कटकट किंवा वेगाबरोबर चढत जाणारी गुणगुण असेल तर ती मात्र दाखवून घ्या.

सार्वजनिक चार्जरवर गाडी चार्जच होत नाही, नाहीतर गन अडकून बसते.

सुरू होत नसेल तर आधी मशीनवरचं लाल आपत्कालीन बटण बघा. कोणीतरी दाबून गेलेलं असतं आणि मशीन मुकाट बंद असतं. बटण फिरवून वर आणा, मशीन जागं होतं. गनचं वजन पुष्कळ असतं, म्हणून पहिली काही सेकंदं गाडी आणि मशीन एकमेकांशी बोलत असताना गन हाताने वर उचलून आत दाबून धरा. निम्मे 'एरर' एवढ्याने जातात. ॲपच्या पाकिटात पैसे घरूनच भरून निघा. घाटात नेटवर्क नसतं.

गन निघत नसेल तर चार्जिंग ॲपवरून थांबवा, गाडी रिमोटने एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करा आणि लगेच ओढा. तरीही नाही तर बहुतेक गाड्यांत हाताने सोडवायची दोरी असते. ती कुठे आहे हे पुस्तिकेत आधीच शोधून ठेवा.

120 किलोवॅटच्या मशीनवर लावली म्हणून लहान गाडी लवकर भरत नाही. ती तिच्या मर्यादेएवढंच घेते. टियागोला 10 वरून 80 टक्क्यांना तासभर लागतो. 80 च्या पुढे वेग फार पडतो, तिथे थांबून मागच्या माणसाला जागा द्या. कॉमेटला डीसी जलद चार्जिंग (अशा मोठ्या मशीनवरचं) नाही, त्यामुळे ती घेऊन लांबच्या प्रवासाचे बेत आखू नका. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. सावली शोधा किंवा संध्याकाळी चार्ज करा.

पंक्चर झालं तर? गाडी ओढून न्यायची असेल तर?

काही लहान गाड्यांत स्टेपनी नसते, नुसता हवेचा पंप आणि डिंकासारखं द्रव्य मिळतं. खिळ्याचं भोक त्याने बुजतं, खड्ड्याने फाटलेली बाजू बुजत नाही. कॉमेटची चाकं 12 इंचांची आहेत, त्या मापाचा टायर तालुक्याच्या दुकानात लगेच मिळेलच असं नाही.

ओढताना चालक चाकं, म्हणजे मोटर ज्यांना फिरवते ती, जमिनीवर फिरू देऊ नका. ती फिरली की मोटर वीज तयार करते आणि आतली यंत्रणा जळू शकते. टियागोची पुढची चाकं चालक, कॉमेटची मागची. दोन्हींसाठी सुरक्षित उत्तर एकच: सपाट ट्रक मागवा. दोरी बांधून ओढायला निघालेल्या मदतशील माणसांना नम्रपणे थांबवा.

उंदरांनी वायर कुरतडली.

पार्किंगमध्ये खरकटं आणि कचरा नको. गाडी आठवडाभर एकाच जागी उभी ठेवू नका आणि बॉनेट अधूनमधून उघडून बघा. नारिंगी रंगाच्या केबलला उंदराचा दात लागलेला दिसला तर हात लावू नका आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही लावू देऊ नका. त्या उच्च दाबाच्या केबल आहेत.

महिनाभर गावी किंवा परदेशी जायचं आहे.

मोठी बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवा. 100 टक्के भरून नको आणि दहावर सोडूनही नको. लहान बॅटरीची ऋण तार वायरमनकडून काढून ठेवा, किंवा घरातल्या कोणालातरी आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी 'रेडी' करून ठेवायला सांगा.

पीयूसी, टोल, करसवलत यांचं काय?

पीयूसी लागत नाही. अडवलंच तर हिरव्या पाटीवरची पांढरी अक्षरं दाखवा. महाराष्ट्राच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती 22 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाली. फास्टॅगमधून पैसे कापले गेले तर संदेश जपून ठेवा आणि फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार नोंदवा. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखांपर्यंतची वजावट 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आज गाडी विकताना ती सांगणारा विक्रेता जुनी माहिती देतोय.

जुनी लहान इलेक्ट्रिक कार घेताना काय बघावं?

किलोमीटरच्या आकड्यापेक्षा बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल महत्त्वाचा. तो अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढून मागा. वॉरंटी कधीपर्यंत आहे आणि दुसऱ्या मालकाला लागू होते का हे लेखी घ्या. टियागोच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, कॉमेटच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,20,000 अशी मुदत असते, आणि सर्व्हिस वेळेवर झालेली नसेल तर ती वादात सापडू शकते. संथ चार्जरची केबल सोबत आहे ना ते बघा, तिचा प्लग हातात घेऊन पिना काळ्या पडल्यात का ते तपासा. पिना काळ्या असतील तर मालकाने वर्षानुवर्षं सैल सॉकेटवर चार्जिंग केलं आहे. नवीन केबलची किंमत विचारून तेवढी सौद्यातून कमी करून घ्या.